पुट्टीसाठी फ्लॅनेल

२९ डिसेंबर १९५६, शनिवार

मापाच्या वहीची मागची पानं कोरी आहेत, ती आजपासून माझी. पुढून गिऱ्हाइकांच्या छात्या आणि कमरा, मागून माझं डोकं. पद्माला दर बुधवारी पत्र जातं. त्यात सगळं छान असतं. पुट्टी हसते, दूध पिते, अक्काचे गुडघे बरे आहेत, काळजी करू नकोस. असं लिहून लिहून मला माझाच राग यायला लागलाय. खरं कुठेतरी लिहिलं पाहिजे, नाहीतर एक दिवस गिऱ्हाइकासमोर तोंडातून निघून जाईल.

तर खरं असं. पुट्टी दोन महिने पाच दिवसांची झाली. जन्मली त्याच दिवशी डॉक्टरांनी तिला आईपासून वेगळं केलं, कारण पद्माच्या छातीत क्षय निघाला होता. माझी बायको गावाबाहेर सॅनेटोरियममध्ये, आणि मुलगी इथे कब्बनपेटेत माझ्याजवळ आणि अनुसूया अक्काजवळ. अक्का माझी थोरली बहीण, भावजींच्या मागे माझ्याकडेच असते. बारसं झालेलं नाही. आई घरात नसताना कसलं बारसं? इथे कानडीत कुठल्याही लहान पोरीला पुट्टी म्हणतात, तेच चालू आहे.

आणि थंडी! यंदा बेंगळुरात सकाळी चूळ भरली की दात कळवळतात. डॉक्टर म्हणाले होते, "मुलीला जपा." एवढंच म्हणाले. कसं जपायचं ते कोण सांगणार? आज दुकानातून घरी आलो, पुट्टीच्या गालाला हात लावला, तर गार! पाय बघितले, ते त्याहून गार. अक्का म्हणते, "आत्ता तर ऊन होती रे पोरगी." अक्काला काय कळतंय. मी शिंपी आहे. डोळे मिटून मांजरपाट आणि मलमल वेगळी सांगतो. माझी बोटं खोटं बोलत नाहीत.

उद्या फ्लॅनेल आणतो.

१ जानेवारी १९५७, मंगळवार

रात्रीसाठी बंडी झाली. स्वतःच्या तोंडाने सांगू नये, पण अशी बंडी चिकपेटेत दुसरा कोणी शिवून दाखवील तर मी कात्री खाली ठेवीन. फ्लॅनेल दुहेरी. शिवण सगळी बाहेरून, म्हणजे आत अंगाला काचायला नको. बटण एकही नाही, तोंडात घालील म्हणून नाड्या. बाह्या लांब, पंजे झाकतील अशा. आतून मलमलीचं झबलं, वरून बंडी, डोक्याला कुंची, पायात लोकरीचे मोजे, आणि मग दुपट्यात गुंडाळायची. नाकाचा शेंडा तेवढा बाहेर.

शेजारची गंगव्वा दारात बसून हार ओवत होती. बघून म्हणाली, "काय रे कृष्णाजी, पोरगी आहे की पार्सल?" तिचा नातू पुट्टीहून सहा महिन्यांनी मोठा, तो भर जानेवारीत कमरेला करगोटा बांधून गल्लीत रांगतो. अंगावर दुसरं काही नाही! मी म्हटलं, "तुमचं तुम्ही बघा," आणि दार लावून घेतलं. त्या पोराची आई घरात आहे. त्यांना काय.

६ जानेवारी, रविवार

सॅनेटोरियमला जाऊन आलो. अर्धा तास बस, मग चालायचं. पुट्टीला बसमधला वारा लागू नये म्हणून माझ्या कोटात घेतली. बुटक्या भिंतीच्या अलीकडे आपण उभं राहायचं, पलीकडे झाडाखाली पद्मा खुर्चीवर, मधे दहा हात. त्याच्या पुढे यायचं नाही, असा नियम.

तिथली माणसं वेडी आहेत की काय! एवढ्या थंडीत सगळ्या खिडक्या सताड उघड्या, पेशंट व्हरांड्यात झोपवलेले. मी नर्सबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "मोकळी हवा हेच अर्धं औषध."  इंजेक्शनं चालू आहेत, वजन वाढतंय, म्हणजे निदान अर्धं तरी बरोबर करत असतील.

पद्माने विचारलं, "रात्री रडते का हो?"

"छे! एकदा झोपली की सकाळीच उठते."

काल रात्री तीन वेळा खांद्यावर घेऊन फेऱ्या मारल्या मी. बंडी घातली की पोरगी किरकिर सुरू करते. नव्या कपड्याची सवय नसेल. लोकांची मुलं असतात तशी ही गप्प का पडत नाही, कळत नाही. झोपेत पण डोकं इकडून तिकडे घासत असते.

१६ जानेवारी, बुधवार

पद्माचं पत्र बाजूला ठेवून आधी हे लिहितोय.

आज सकाळी कुंची काढली तर मानेमागचे केस ओले. बंडी उघडली, झबलं पाठीला चिकटलेलं. घाम. जानेवारीत, पहाटेच्या थंडीत, घाम.

मला ठाऊक आहे हा घाम. गेल्या वर्षी पावसाळ्यात पद्मा रात्री अशीच भिजायची. पोलकं पिळून काढावं एवढी. मी काय म्हणालो होतो? म्हणालो, "दोन दोन चादरी घेतेस, घाम येणार नाही तर काय! एक काढून टाक." हसलोसुद्धा. तीन महिने मी चादरीला दोष देत होतो आणि तिकडे तिच्या छातीत घर झालं होतं. नंतर डॉक्टरांनी मला समोर बसवून बोटांवर मोजून सांगितलं. रात्रीचा घाम, संध्याकाळची कणकण, आणि अंग न धरणं. ही तीन लक्षणं. मी ती पाठ केलीत, देवाचं नाव घेतल्यासारखी.

एक तर आलं.

पद्माच्या पत्रात लिहिलं: पुट्टी छान आहे.

२४ जानेवारी, गुरुवार

दर पंधरवड्याला मी पुट्टीला टेप लावतो. शिंप्याची मुलगी, मापं नोंदलीच पाहिजेत. नाताळात छाती सोळा इंच. आज सोळा इंच. मी तीनदा घेतली. सोळाच. एक सूत वाढलेली नाही. दूध प्यायला घेतलं की दोन घोट पिऊन तोंड फिरवते. अक्का म्हणते दिवसा पिते, रात्रीच नाही पीत. अक्का माझं मन राखायला बोलते, मला कळतं.

दुसरं लक्षण.

आणि संध्याकाळी? तिथे माझी मती गुंग होते. घरी आल्या आल्या हात लावतो तेव्हा ती गार असते. मग सगळं घालून निजवतो. मग जेवण करून, हातपाय धुऊन जवळ जातो तेव्हा तापलेली असते. म्हणजे आधी हुडहुडी, मग ताप. पद्माला अगदी असंच व्हायचं. आणखी काय पाहिजे पुरावा?

आज बंडीला कापसाचं अस्तर घातलं. चौकडी टाके घातले, कापूस गोळा होऊ नये म्हणून. छातीला गारवा लागता कामा नये. माझ्या हातात तेवढंच आहे, दुसरं काही नाही.

३ फेब्रुवारी, रविवार

पुट्टीला नेलं नाही. पद्माला सांगितलं, थोडं नाक वाहतंय. ती लगेच खुर्चीतून उठली. "ताप?" म्हटलं, ताप नाही. "खोकला?" नाही. "मग नुसतं नाक वाहतं म्हणून आणली नाहीत?" मी झाडाकडे बघत राहिलो. दहा हातांवरून खोटं बोलणं जवळून बोलण्यापेक्षा अवघड आहे, मोठ्याने बोलावं लागतं.

परत येताना बसमध्ये एका बाईच्या मांडीवर तान्हं मूल होतं, उघडे पाय हवेत नाचवत होतं. मी जागा बदलली.

१३ फेब्रुवारी, बुधवार

आज भांडण झालं. पुट्टीच्या मानेवर आणि काखेत लाल पुरळ उठलंय. मी उजेडात बघत होतो, तेवढ्यात गंगव्वा पाण्याला आली आणि कोणी विचारलं नसताना म्हणाली, "घामोळं ते. सेके, सेके! उकडतंय तिला. शिवरात्र आली तोंडावर, आणि तू गादीत घालून ठेवलीस पोरीला. काढ ते सगळं."

माझं डोकं फिरलं. म्हटलं, "असंच म्हणून मी एका माणसाला सॅनेटोरियममध्ये पोचवलंय! आता दुसऱ्यांदा नाही म्हणणार." माझा आवाज चढला असावा, कारण पुट्टी दचकून रडायला लागली आणि गंगव्वा घागर तशीच ठेवून गेली.  अक्काने गंगव्वाची घागर भरून दिली.

मग मी कोट घातला, पुट्टीला घेतलं आणि गुरुराज डॉक्टरांकडे गेलो. पद्माचा क्षय त्यांनीच पहिल्यांदा ओळखला. बाकावर आठ माणसं होती. मी नववा. सात झाली, आठवा आत गेला, आणि मी उठून बाहेर आलो. कंपाउंडरने हाक मारली, "कृष्णाजी, तुमचाच नंबर!" मी म्हटलं, पोरगी झोपलीय, नंतर येतो.

भ्याड आहे मी. लिहून ठेवतो म्हणजे नंतर नाकारता येणार नाही. डॉक्टरांनी एकदा तोंडाने सांगितलं की ते खरं होणार. न सांगता निदान रात्र तरी जाते. तीही धड जात नाही म्हणा.

२१ फेब्रुवारी, गुरुवार

दुकानात पँट जाळली. लग्नाच्या सुटाची, इंग्लिश लोकर, उजव्या मांडीवर इस्त्रीचा छाप. कोट-सूट दाबायचं काम माझंच. सकाळपासून संध्याकाळपर्यंत कोळशाची इस्त्री हातात, डाव्या हाताने ओलं फडकं पसरायचं, उजव्याने दाबायचं आणि गरम कापड लगेच तळव्याने चापून बसवायचं. पंधरा वर्षांत कधी कापड जळलं नाही. आज डोळ्यांसमोर पुट्टीची मान होती.

आमचे मालक जयसिंगराव ओरडायला आले आणि माझं तोंड बघून थांबले. "बस. चहा घे." त्यांनी चहाचा पेला हातात दिला, स्वतः मात्र पंच्याने धरला होता. "अरे, तुझ्या हाताला काही लागतं की नाही? उकळता आहे तो!" मला काही लागलं नाही. म्हटलं, सवय आहे. ते म्हणाले, "घरी जा आज लवकर."

घर म्हणजे मागची गल्ली ओलांडली की आलंच. गेलो, हात लावला. पुट्टी गार पडलेली. बाहेर एवढं ऊन, आणि ही गार! अक्का गडबडून म्हणाली, "आज लवकर कसा रे?" बंडीच्या नाड्यांना गाठ वेगळीच होती, मी सुरगाठ मारतो, ही साधी होती. विचारलं तर म्हणाली, शी केली होती, कपडे बदलले. असेल.

आता झबल्यावर आणखी एक लोकरी बनियन घालतो. जुना स्वेटर उसवून केला आहे.

३ मार्च, रविवार

पुट्टीशिवाय गेलो. सलग पाचवा रविवार. आज पद्मा खुर्चीत बसलीच नाही. उभी राहून म्हणाली, "जिवंत आहे का ती?"

"असं काय बोलतेस!"

"मग आणत का नाही? नाक वाहतंय, ऊन आहे, बसला गर्दी आहे, अक्काचे गुडघे दुखतात. आणि पत्रात लिहिता, छान आहे, छान आहे. छान असलेलं मूल दाखवायला कोणाला भीती वाटते? पुढच्या रविवारी ती नाही दिसली तर मी ही भिंत ओलांडून तुमच्याबरोबर बसमध्ये बसेन. नर्सबाई काय करतील ते करू देत."

ती हे करील. माझ्या बायकोला मी ओळखतो. आणि केलं तर? तिचे अजून चार महिने बाकी आहेत. अर्धवट सोडलं तर पहिल्यापासून सुरू, असं डॉक्टरांनी दोनदा बजावलंय. मी नेलं तर ती पुट्टीला बघून कोसळेल, नाही नेलं तर घरी येऊन बसेल. दोन्हीकडून मीच मारणार तिला.

आठवडाभर आता हेच.

१० मार्च, रविवार

काय झालं ते नीट लिहितो. मन ठिकाणावर नाही, तरी लिहितो.

पुट्टीला नेलं. झबलं, लोकरी बनियन, कापसाची बंडी, कुंची, मोजे, दुपटं. बसमध्ये ती रडून रडून शेवटी गप्प झाली, ते मला रडण्याहून वाईट वाटलं. अकरा वाजता भिंतीपाशी पोचलो. पद्मा आधीच येऊन थांबली होती. मी पुट्टीला दोन्ही हातांवर पुढे धरलं.

ती मान पुढे काढून बघत राहिली. मग म्हणाली, "लाल का झालीय एवढी?"

मी काहीतरी बोललो, उन्हाचं.

"कुंचीच्या खाली केस ओले आहेत. इथून दिसतंय मला. अहो, घाम आलाय तिला."

आणि मग माझ्याच्याने राहवलं नाही. भिंतीला टेकून मी सगळं ओकलो. रात्रीचा घाम, सोळा इंच, हुडहुडी आणि मग ताप. म्हटलं, "पद्मा, तिला पण तेच झालंय. मी तुला सांगितलं नाही." आजूबाजूला दोन-चार माणसं होती, त्यांनी माना वळवल्या.

मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही. कपाळाला आठ्या घालून माझ्याकडे बघत राहिली, गिऱ्हाईक कोटाची तक्रार घेऊन येतं तेव्हा मी बघतो तशी.

"किती कपडे घालायचे ते कोण ठरवतं? अक्का?"

"मी. हात लावून बघतो."

"केव्हा?"

"दुकानातून आल्या आल्या. रोज गार असते ती."

"इस्त्री ठेवून येता, ते तसेच?"

"मग काय!"

आणि पद्मा हसायला लागली. हसता हसता ठसका लागला, नर्सबाईंनी लांबून बघितलं. ती पदर तोंडाला धरून म्हणाली, "अहो, तुमचे हात! तुमचे हात कोळशाचे आहेत, त्यांना सगळंच गार लागणार. संध्याकाळी घरी आलात की माझ्या कपाळाला हात लावून म्हणायचात, गार पडलीस, शाल घे. आठवतं? मला चटका बसायचा. आवडायचं मला म्हणून बोलले नाही कधी. गेल्या वर्षी अंगात ताप असायचा तेव्हासुद्धा तुम्ही शाल घे म्हणायचात."

ती हसतच होती. मी नव्हतो हसत.

म्हटलं, "म्हणजे तुझा ताप माझ्या हाताला कळलाच नाही."

तेव्हा ती थांबली. "ते आता नको. आता पोरीचं बघा. घरी जा आणि हिचं सगळं काढा. एक सुती झबलं, बस. आणि उद्या गुरुराज डॉक्टरांकडे. पळून यायचं नाही."

मी म्हटलं, आणि तू चुकत असलीस तर? तुझ्या वेळी मी पण असंच म्हणालो होतो.

"म्हणूनच डॉक्टर. नुसतं मी म्हणते म्हणून नाही. आणि यापुढे तळव्याने बघायचं नाही तुम्ही. मानेमागे गाल लावायचा. गालाने इस्त्री नाही ना करत?"

घरी आलो. अक्काला सांगितलं तर तिने आधी तोंडाला पदर लावला. मग म्हणाली, "कृष्णा, रागावू नको. रोज तू दुकानात गेलास की मी सगळं काढूनच ठेवत होते. तू यायच्या वेळेला परत घालत होते. दिवसभर खेळायची रे, दूध प्यायची. त्या दिवशी तू लवकर आलास, तर जीव मुठीत धरून कसेबसे कपडे घातले."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू ऐकतोस? गंगव्वाचं काय केलंस ते बघितलं मी."

 पोरगी एवढे दिवस तगली ती अक्काच्या खोटेपणावर तगली, एवढं मात्र खरं.

११ मार्च, सोमवार

रात्री एक झबलं, जुन्या धोतराचं, आणि वर पातळ दुपटं. मी तिच्याजवळ बसून. माझा हात सारखा बंडीकडे जात होता, शेवटी अक्काने बंडी उचलून स्वतःच्या उशाखाली घातली. मी दर तासाला मानेमागे गाल लावला. ऊबदार होती, कोरडी होती. पहाटे पुट्टी शिंकली आणि मी उडालोच. एकच शिंक. परत झोपली. मला झोप नाही.

सकाळी गुरुराज डॉक्टरांकडे. यावेळी पहिला नंबर माझा, दार उघडायच्या आधी जाऊन बसलो होतो. त्यांनी छाती ऐकली, काखा, मान, पोट दाबून बघितलं, वजन केलं. छातीचा एक्स-रे फोटो काढायला पाठवलं, कारण घरात रोग होता, मी मागितला नसता तरी काढलाच असता म्हणाले. पुरळाला घामोळं म्हणाले. गंगव्वाचं ऐकलं असतं तर फी वाचली असती.

विचारलं, "तुम्ही रात्री काय घालून झोपता?"

"बनियन, धोतर. पहाटे चादर."

"मग तिला डिसेंबरातली गादी कशाला? तुम्हाला जेवढं लागतं त्याहून एखादं पांघरूण जास्त, खूप झालं. गुंडाळून टाकलं की तापते, तापली की पीत नाही, पीत नाही तर वाढेल कशी?" मग चष्म्यावरून बघून म्हणाले, "त्या दिवशी नंबर सोडून का गेलात?"

मी खरं सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "फोटो गुरुवारी येईल."

गुरुवार म्हणजे तीन दिवस.

१४ मार्च, गुरुवार

साफ.

डॉक्टरांनी फोटो खिडकीकडे धरून मला दाखवला. एवढ्या एवढ्या बरगड्या, माझ्या फणीच्या दातांएवढ्या. मला त्यातलं काय कळणार, पण ते म्हणाले, "साफ आहे," आणि मी तिथेच बाकावर बसलो. कंपाउंडरने पाणी दिलं.

वाटेत गंगव्वाच्या समोर उभा राहिलो. म्हटलं, "अव्वा, चुकलं माझं." तिने पुट्टीच्या उघड्या मांडीला चिमटा काढला. "सरी, सरी. आता पोरीसारखी दिसते." आणि मोगऱ्याचा एक तुकडा अक्कासाठी दिला.

तरीही बेचैनी जात नाही. पुट्टी तीन रात्री सलग झोपली, मीच उठून उठून बघतो. गालाला तिची मान उबदार लागते आणि मला आठवतं, पद्माच्या कपाळाला मी एकदाही गाल लावला नाही. हाताने बघून शाल दिली आणि वळून झोपलो. हे डॉक्टरांना सांगितलं नाही. पद्माला सांगावं की नाही, ठरत नाही.

१७ मार्च, रविवार

आज पुट्टीला बिनबाह्यांचं मलमलीचं झबलं घालून नेलं, गुडघ्यापर्यंतचं. डोक्याला काही नाही, पायात काही नाही. बसमध्ये एक म्हातारा म्हणाला, "अय्यो, वारं लागेल लेकराला." मी म्हटलं, "लागू द्या." मनात मात्र खिडकीच्या बाजूने कोट धरून बसलो होतो.

पद्मा भिंतीपासून दहा हातांवर. मी आधी फोटोचं सांगितलं, ओरडून. साफ आहे, म्हटलं, साफ! तिने मान हलवली, पण ती माझ्याकडे बघत नव्हती. मी पुढे सांगत होतो, घामोळं गेलं, सलग सहा रात्री झोपली, दूध पिते. तिचं लक्षच नाही. मला वाटलं, अजून रागावलीय. मग वाटलं, तिला बरं नाही. विचारलं, "काय झालं?"

ती म्हणाली, "वर धरा तिला. अजून वर. पाय दिसू देत."

मी पुट्टीला काखांत धरून भिंतीच्या वर उचललं. तिने हवेत दोन्ही पाय झाडले, बोटं ताणली, मिटली.

पाच महिने मी या बाईला तिची मुलगी दाखवायला आणत होतो. गुंडाळून आणत होतो. तिने नाक बघितलं होतं, डोळे बघितले होते, रडताना तोंड बघितलं होतं. बाकीचं काहीच बघितलं नव्हतं, आणि मला हे एकदाही सुचलं नव्हतं.

"अहो," पद्मा म्हणाली, आणि तिचा आवाज मला जेमतेम पोचला, "पाय तर माझे आहेत. अंगठ्याच्या शेजारचं बोट बघा, मोठं आहे. माझ्या आईचं पण असंच आहे."

मी बघितलं. खरंच मोठं आहे. रोज मोजे घालत होतो त्या पायांत.

मग ती खाली बसली, खुर्चीत नाही, मातीतच, आणि पदरात तोंड घालून रडली. नर्सबाई आल्या, पण त्यांनी तिला उठवलं नाही. मला म्हणाल्या, "वेळ संपली तरी थांबा थोडं." मी पुट्टीला तशीच वर धरून ठेवली. हात भरून आले तरी खाली घेतली नाही.